पंचाहत्तर टक्के हजेरीचा ठराव

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वार्षिक सभेत यंदा एक ठराव आला. रविवारच्या उपासनेला ज्या मुलामुलींची पंचाहत्तर टक्के हजेरी भरणार नाही, त्यांना दृढीकरणाच्या वर्गात घेऊ नये. ठराव मांडणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे पंचाहत्तर हा आकडा आला कुठून हे कोणी विचारलं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे टर्म ग्रँट होणार नाही म्हणा की!" सभा हसली. प्राध्यापक हसले नाहीत.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे बाप्तिस्मा बाळपणीच होतो. तेव्हा आईबाप आणि धर्ममातापिता बाळाच्या वतीने कबुली देतात. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी ते मूल वर्गाला बसतं आणि भर मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने हो म्हणतं. ते दृढीकरण. त्यानंतर त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मिळतो. हा हो फुकटचा असू नये, एवढीच प्राध्यापकांची कळकळ होती आणि ती खरी होती. करोनानंतर आमच्या बाकांवर काळे केस कमी दिसतात, हे मोजायला हजेरीपटाची गरज नाही.

ठरावाला विरोध झाला तो खराडीहून येणाऱ्या एका तरुण आईकडून. "आम्ही मुलावर काहीच लादणार नाही. मोठा झाला की त्याचं तो ठरवेल." तरुण संघाच्या सेक्रेटरीचं तिसरंच म्हणणं होतं. मुलांना उपासनेत कंटाळा येतो, म्हणून मागच्या हॉलमध्ये जे 'किड्स चर्च' चालतं ते वाढवा, प्रोजेक्टर घ्या, कीबोर्ड घ्या. मुलं आपोआप येतील. दीड तास तिघांचं जुंपलं आणि चहा थंड झाला. ऐकताना मला वाटत राहिलं की हे तिघं भांडत असले तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. मुलाला जे समजतं तेच त्याच्यात राहतं, असं तिघंही धरून चालले होते. प्राध्यापकांना समज हजेरीने येईल असं वाटत होतं, त्या आईला वय वाढल्यावर आणि सेक्रेटरीला प्रोजेक्टरने. माझा अनुभव नेमका उलटा आहे. लहानपणी चर्चमध्ये मला जे समजलं ते बहुतेक गळून गेलं. जे समजलं नाही, ते राहिलं.

मी पेठेत वाढलो. पुणेकराला 'पंचहौद' म्हटलं की चहा आठवतो. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये रानडे आणि लोकमान्य टिळक चहा प्यायले आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेलेलं ते प्रकरण. आमच्यासाठी पंचहौद म्हणजे गुरुवार पेठेतल्या होली नेमच्या मनोऱ्यातली घंटा. आमचं चर्च दुसरं, पण घंटा सगळ्या मोहल्ल्याची. ती वाजली की वडील इस्त्री ठेवत आणि म्हणत, "चला, त्यांची वाजली, आपली वाजेलच." वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर. शाळेत मुलं विचारायची, "तुम्ही गोव्याचे का रे?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग इंग्रज?" क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, ते १७९२ पासून तिथे उभं आहे, हे तेव्हा माहीत असतं तर तोंडावर फेकलं असतं. माहीत नव्हतं. म्हणून मी नुसता "आम्ही मराठीच" म्हणायचो आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून पुरावा दाखवायचो. पिठलं-भाकरी.

तर रविवार. रुमालाच्या टोकाला दहा पैशांची गाठ, दानाची. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मुलं आईकडे. पायपेटी, तबला, झांजा. उपासना दोन तास. मुलांसाठी वेगळं काही नाही. शब्बाथ शाळा, म्हणजे संडे स्कूल, असायची, पण ती आधी, सकाळी आठला. तिथे सुवर्णवचन पाठ केलं की रंगीत चित्राचं कार्ड मिळे. नंतर आम्हाला त्या दोन तासांत ढकलून देत. मी बाकाच्या पाठीवरच्या खिळ्यांची डोकी मोजायचो. पुढच्या आजींच्या अंबाड्यात किती आकडे आहेत तेही मला पाठ होतं.

आणि कानावर शब्द पडत राहायचे. बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्रात "मृत्युच्छायेच्या दरीतून" असे शब्द येतात. आमच्या वाड्यात एक छायाताई होत्या, शिवणकाम करायच्या. कित्येक वर्षं माझी समजूत होती की मृत्युच्छाया ही त्यांच्यातलीच कोणीतरी मोठी बाई असावी, लांब कुठल्या दरीत राहणारी, आणि तिच्या दारावरून जाताना माणसं घाबरतात. मी कोणाला विचारलं नाही. विचारावं असं वाटलंच नाही. ती बाई माझी माझ्यापाशी होती.

शब्बाथ शाळेतलं मात्र सगळं समजत असे. हातवारे करून म्हणायची गाणी, नोहाच्या तारवातले प्राणी, शहाण्या माणसाने खडकावर बांधलेलं घर. मजा यायची. पण सातव्या वर्षी जे पूर्ण समजतं ते सात वर्षांच्या मापाचं असतं. चड्डी आखूड होते तसं तेही आखूड होतं. पंधराव्या वर्षी कॉलेजातला कोणीतरी विचारतो, "तारवात डायनासोर होते का रे?" आणि सगळं तारू बुडतं. माझंही बुडालं. पंधरा ते चाळीस या वयात मी चर्चला गेलो तो लग्नांना, नाताळला आणि आईचा रुसवा काढायला.

न समजलेलं राहतं असं मी म्हणतो तेव्हा कोणी म्हणेल, हे तुमचं गौडबंगाल आहे. पण ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पालखी पुण्यात येते तेव्हा बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं पाहा. हरिपाठ कोणी मुलांसाठी सोपा करून दिलेला नाही. किर्तनात मूल टाळ घेऊन बसतं, पेंगतं, आईच्या मांडीवर झोपतं, आणि ज्ञानदेवांचे शब्द त्याच्या झोपेत जातात. त्या पोरांतली कितीतरी पुढे एका शब्दाचाही विश्वास धरत नाहीत. पण चाळिशीत कधीतरी बस थांब्यावर उभं असताना एखादी ओळ उलगडते आणि माणूस जागीच थबकतो. असं झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक माझा कट्टर नास्तिक मित्र आहे. त्याला ही गोष्ट बोललेली आवडत नाही.

आमच्या मंडळीत तर हे अधिकच उघड आहे, कारण आमची भजनंच मुळात त्या घरातून आली. नारायण वामन टिळकांना आईमुळे लहानपणीच भक्तिकवितेचं वेड लागलं होतं. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोवर मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं बरीच म्हटली जात. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी पदं लिहिली. 'उपासना संगीत' उघडलं की आजही पानोपानी तेच भेटतात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचं ते म्हणत. पुढे १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, चर्चच्या चौकटीबाहेरचा. म्हणजे माणसाने धर्म बदलला, मिशनची नोकरीही सोडली, पण बालपणी कानात गेलेला अभंग काही सुटला नाही.

पंडिता रमाबाई घ्या. लहानपणी चर्चचा वाराही लागलेला नव्हता. आईवडिलांबरोबर देशभर फिरत पुराण सांगणारं कुटुंब, आईने शिकवलेलं संस्कृत, भागवत तोंडपाठ. आईवडील दुष्काळात गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विश्वास पार बदलला. पण पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सबंध बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि ते छापलंही मिशनच्याच छापखान्यात. पवित्र शब्द अक्षरशः जपायचा असतो, त्यासाठी आयुष्य घालवायचं असतं, ही सवय कुठली? मला ती भागवत घोकणाऱ्या मुलीची वाटते. कोणी विद्वान मला खोडून काढेल, काढो.

आणि उलट्या बाजूने जोतीराव फुले. १८४१ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तिथे रोज बायबल कानावर पडत असणार. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, शेवटपर्यंत नाही. पण सगळ्यांना एकाच 'निर्मिका'ने घडवलं आहे आणि म्हणून कोणी कोणाहून उच्च नाही, ही त्यांची भाषा पाहिली की त्या शाळेतल्या तासांचा काही वाटा त्यात नव्हता असं म्हणवत नाही. अर्थात दुसरेही वाटे होते, मोठे होते. मला एवढंच दाखवायचं आहे की विश्वास आणि दृष्टी या दोन गोष्टी आहेत. लहानपणीचा संस्कार विश्वासाची हमी देत नाही. दृष्टीवर मात्र तो हात फिरवून जातो, बऱ्याचदा आपल्या नकळत.

दृष्टी कशी घडते ते मला कापणीच्या सणाने शिकवलं. ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांनी पाहावा. लोक आपल्या शेतातलं, परसातलं, घरातलं काहीबाही आणतात. ज्वारीची पायली, दुधी, पपया, पाय बांधलेली कोंबडी. पेठेत शेत कुठलं, म्हणून कोणी मंडईतून विकत आणून वेदीपुढे ठेवतं. उपासना झाली की आवारात लिलाव. कोंबडी ओरडते, लिलाव पुकारणारा त्याहून मोठ्याने ओरडतो, आणि नारळ बाजारभावाच्या दहापट जातो, कारण पैसे देवाच्या कामाला. कित्येकदा घेणारा तोच नारळ परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते.

आमच्याकडे एक आजी होत्या, दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या. त्या दरवर्षी एक अंडं आणत. एकच. रुमालात गुंडाळून. त्या वर्षी पुकारणाऱ्याने अंडं हातात घेतलं तेव्हा मागे कोणीतरी खुसखुसलं. वडिलांनी हात वर केला, "पाच रुपये." आवारात शांतता झाली. आणखी एकाने सहा म्हटलं, वडिलांनी सात. सातला अंडं आमच्याकडे आलं. वडिलांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि आम्ही घरी निघालो. नाना पेठेच्या चौकात गर्दीत धक्का लागला आणि ते खिशातच फुटलं. आईने शर्ट धुतला. सात रुपयांत काय काय आलं असतं ते तिने दोन दिवस मोजून दाखवलं, तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. वडील या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. त्या सणाला प्रवचनही झालं असणार, तासाभराचं. त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही.

हे अंडं 'किड्स चर्च'मध्ये दिसलं नसतं, ही माझी खरी तक्रार आहे. तिथे मुलं मोठ्यांना पाहतच नाहीत. हॉलचं दार बंद, आत रंगीत खडू, कागदी मेंढ्या, इंग्रजी गाणी आणि अठरा वर्षांच्या दीदी. दीदी जीव ओतून काम करतात, त्यांच्याबद्दल ब्र काढायचा नाही. पण मंडळीचे सत्तर वर्षांचे खजिनदार डोळे मिटून प्रार्थना करताना कसे दिसतात, ज्या काकू मागच्या आठवड्यात विधवा झाल्या त्या गीत म्हणताना कुठे अडकतात, दोन भांडलेले भाऊ प्रभुभोजनाला एकाच रांगेत कसे उभे राहतात, हे मुलाने कुठे पाहायचं? चौदाव्या वर्षी आपण त्याला हॉलमधून काढतो आणि म्हणतो, चल आता मोठ्यांच्या उपासनेला. तो येतो तर सगळे अनोळखी, भाषा अनोळखी, चाली अनोळखी. दोन महिने बसतो आणि जातो. मग आपण ठराव मांडतो.

संडे स्कूल मुळात यासाठी नव्हतंच. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने ते सुरू केलं ते आठवडाभर राबणाऱ्या गरीब पोरांना सुट्टीच्या एका दिवशी वाचायला शिकवण्यासाठी. पुस्तक बायबल, पण काम अक्षरओळखीचं. पुढे सरकारी शाळा आल्या, अक्षरं तिकडे गेली, आणि संडे स्कूलकडे उरल्या कागदी मेंढ्या. आमच्याकडे वाचता येत नसलेल्या आजींना गीतं पाठ होती आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना मराठी गीताची ओळ जोडाक्षरापाशी अडते. हा दोष नातवंडांचा नाही. घरात 'वॉटर बॉटल घे, शूज घाल' चालतं आणि देवाशी मात्र त्यांनी टिळकांच्या मराठीत बोलावं ही अपेक्षा मला गमतीची वाटते. तरीही मी म्हणतो, कानावर पडू द्या.

इथे माझा एक कॅथलिक मित्र मला कोपऱ्यात गाठतो. "मग लॅटिनच काय वाईट होतं? आमच्या आजोबांना मिस्सातलं अक्षर कळत नव्हतं. तुझ्या हिशेबाने त्यांची श्रद्धा सगळ्यांत पक्की!" दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठीच्या दशकात, त्यांच्याकडे लोकभाषेत मिस्सा आला आणि त्याच्या आजोबांनी पहिल्यांदा मराठीत ऐकलं तेव्हा ते रडले, असं तोच सांगतो. त्याचा मुद्दा बिनतोड आहे असं त्याला वाटतं. मला फरक दिसतो. परकी भाषा बंद दारासारखी असते, कितीही मोठे झालात तरी ती उघडायला किल्ली लागते. आपल्या भाषेतला अवघड शब्द फक्त उंचावर असतो. 'मृत्युच्छाया' मला कळली नाही, पण 'छाया' कळत होती, 'दरी' कळत होती. उंची वाढली की हात पोचतो.

आता माझ्याच बोलण्यातली खोट सांगतो, कारण ती मोठी आहे. न समजलेलं सगळंच चांगलं नसतं. मी नऊ वर्षांचा असताना आवारात मांडव घालून संजीवन सभा झाल्या. बाहेरगावचा एक प्रचारक आला होता. त्याने नरकाचं वर्णन केलं, घड्याळाची टिकटिक तोंडाने काढत. अनंतकाळ, अनंतकाळ, अनंतकाळ. मला अनंतकाळ समजला नाही, पण टिकटिक समजली. सहा महिने मी दिवा विझवू देत नव्हतो. आजही रात्री दोनला जाग आली आणि भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं की पोटात काहीतरी हलतं. तेही न समजता आत गेलेलंच. माझ्याबरोबर त्या मांडवात बसलेली एक मैत्रीण चर्चच्या फाटकातून पुन्हा कधी आत आली नाही, आणि तिला चुकीचं म्हणायची माझी हिंमत नाही.

दुसरंही आत गेलं. पहिल्या दोन बाकांवर कोण बसतं हे आम्हाला न सांगता कळत असे. मिशनच्या काळापासूनची घराणी, डॉक्टर, मुख्याध्यापक. आमच्यासारखे नगरकडून आलेले मधे, आणि अलीकडे गावातून आलेले मागे. वचन कानावर पडायचं की ख्रिस्तात कोणी यहुदी नाही, कोणी हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही. डोळ्यांना दिसायचं ते वेगळं. लग्नं जमवताना तर आडनावाच्या मागचं गाव आणि गावामागची जात अजून विचारली जाते, हळू आवाजात. मुलं कानापेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतात. चर्चमधून पुढे ढोंगाची चीड घेऊन बाहेर पडलेले जे लोक मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांनी ते ढोंग लहानपणी बाकावर बसूनच पाहिलेलं असतं. मुलांना मोठ्यांमध्ये बसवा म्हणणं म्हणजे मोठ्यांना उघडं पाडणंही आहे. कदाचित हॉलचं दार म्हणूनच बंद ठेवत असतील.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वर्न बेंग्टसन या समाजशास्त्रज्ञाने १९७० पासून साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. धर्म एका पिढीतून पुढच्या पिढीत जातो की नाही, हे ठरवण्यात मुलाला आईवडिलांची, त्यातही वडिलांची ऊब किती वाटली याचा मोठा वाटा दिसला. बाप धर्माला कितीही कडक असो, मुलाला तो दूरचा आणि कोरडा वाटला तर गाडी अडते. हे वाचलं तेव्हा मला संशोधन वगैरे काही आठवलं नाही, शर्टावरचा पिवळा डाग आठवला. बापलेकांचं गणित सगळीकडे सारखंच असतं का, मी सांगू शकत नाही. अमेरिका वेगळी, गुरुवार पेठ वेगळी. पण पंचाहत्तर टक्के हजेरीने ऊब मोजता येत नाही, एवढं सभेत सांगायला हा दाखला उपयोगी पडला. कॅलिफोर्निया म्हटल्यावर प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ गेला. दुसरी लाट. दवाखान्यातून गाडी थेट दफनभूमीत. आम्ही चौघं. पाळकसाहेब स्वतः ऑक्सिजनवर होते, दुसरे येऊ शकत नव्हते. पीपीई घातलेली माणसं दोर सोडत होती आणि एक जण म्हणाला, "काय म्हणायचं असेल ते लवकर म्हणा." चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. वीस-बावीस वर्षांत मी धड चर्चला गेलो नव्हतो. मी तोंड उघडलं आणि तेविसावं स्तोत्र सगळं बाहेर आलं, मग "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ", मग प्रभूची प्रार्थना. न अडखळता. जणू दुसरंच कोणी बोलत होतं आणि मी मास्कमधून नुसता आवाज देत होतो. दरीपाशी आलो तेव्हा मला ती बाई दिसली. दाराशी बसलेली, शिवणयंत्रावर. मी तिच्या दारावरूनच जात होतो.

इथे थांबलो असतो तर माझा मुद्दा सिद्ध झाला असता. पण नंतर पुतण्या बोलला. बावीस वर्षांचा, 'किड्स चर्च'मध्ये वाढलेला, हजेरीची प्रशस्तिपत्रं घरात फ्रेम करून लावलेली. त्याला यातलं एकही वचन पाठ नव्हतं. तो खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसला आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत, मधेच हिंदीत बापाबद्दल देवाशी बोलू लागला. पप्पांना दम लागायचा, आता त्यांना नीट श्वास घेऊ दे, असं काहीतरी. तो कोणाशी तरी बोलत होता. मी पाठ म्हणत होतो. माझ्याकडे शब्द होते आणि त्याच्याकडे ऐकणारा होता. घरी परत येताना गाडीत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

म्हणून मी माझा सिद्धांत थोडा आवरता घेतो. मोठ्यांच्या बाकावर बसवून देव भेटतो असं मी म्हणत नाही. तो हॉलमध्येही भेटत असावा, माझा पुतण्या त्याचा साक्षीदार आहे. मी म्हणतो ते इतकंच की बाकावर भाषा मिळते आणि माणसं मिळतात. भाषा अशी, की पुढे विश्वास आला तर तो तिच्यात बोलू शकेल आणि नाही आला तर आपण नक्की काय नाकारलं ते तरी माणसाला सांगता येईल. "मोठा झाला की ठरवेल" म्हणणाऱ्या त्या आईला मी सभेनंतर हेच विचारलं. कशातून ठरवेल? जे कधी कानावर पडलंच नाही त्याची निवड कशी करणार? ती म्हणाली, "काका, तुम्ही एवढं सगळं ऐकलंत, तुम्ही कुठे येता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

ठराव शेवटी बारगळला. प्राध्यापकांनी तो मागे घेतला, पण इतिवृत्तात त्यांची नाराजी नोंदवून घेतली. सेक्रेटरीला प्रोजेक्टर मिळाला. माझी सूचना, महिन्यातून एक रविवार हॉल बंद ठेवावा आणि सगळी मुलं उपासनेत बसावीत, ही प्रयोग म्हणून मान्य झाली. पहिल्या रविवारी मूक प्रार्थनेत एक चार वर्षांची मुलगी मोठ्याने म्हणाली, "झालं का?" आणि पाळकसाहेबांसकट सगळे हसले. दुसऱ्या महिन्यात खजिनदारांची लेखी तक्रार आली. मुलं बाकांखाली बिस्किटांचा चुरा सांडतात, मुंग्या होतात, झाडणारी बाई जादा पैसे मागते. प्रयोग तिथेच संपणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा मी हात वर करून सांगितलं की झाडायचं काम मी करतो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला उपासना संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि चुरा नेमका कुठे पडतो हे कळावं म्हणून सुरुवातीपासूनच जाऊन बसावं लागतं.